काचेतलं कासव

अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला मी एका बरणीपुढे हात जोडले आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला.

गोंदियातल्या एका कॉलेजात मी विज्ञान शाखेला होते. डॉक्टर व्हायचं असेल तर जीवशास्त्र घ्यावं लागतं, त्यातलं अर्धं झाडांचं आणि अर्धं प्राण्यांचं, एवढं आश्रमशाळेतल्या गुरुजींनी मला सांगून पाठवलं होतं. प्राण्यांच्या अर्ध्याला इथे सगळे झूलॉजी म्हणत. मला वाटलं होतं, बाकी काही जमो न जमो, हे जमेल. सालेकसा तालुक्यात जंगलाच्या कडेला आमचं गाव आहे. बा वनखात्याच्या रोपवनात कामाला जातो, पावसाळ्यात आमच्या बांधीत धान लावतो. भेकर, सायाळ, धामण हे प्राणी मी पुस्तक हातात धरायच्या आधीपासून ओळखते. पण पहिल्या आठवड्यातच कळलं की इथे प्राण्याला ओळखणं वेगळं आणि त्याचं नाव सांगणं वेगळं. घरी आम्ही गोंडी बोलतो, गावात झाडीबोली, कॉलेजात सगळं हिंदीत चालायचं आणि पुस्तक इंग्रजीत. एका बेडकाला माझ्या डोक्यात चार नावं होती आणि परीक्षेत चालणारं पाचवंच, शास्त्रीय, होतं.

कॉलेज जुनं. वरच्या वर्गांची झूलॉजीची प्रयोगशाळाच आम्हाला वापरायला होती. भिंतीला लागून काचेची कपाटं, त्यात बरण्या, बरण्यांत पिवळट पाणी आणि पाण्यात प्राणी. झूलॉजीच्या मॅडम गोंदियाच्याच, निवृत्तीला आलेल्या, बोलायच्या हिंदीत. त्या म्हणाल्या, "अब काटना-वाटना बंद है. सिर्फ देखना है और पहचानना है." आम्ही रांगेने कपाटांसमोरून चालू लागलो. साप झाला, वटवाघूळ झालं, आणि मग तळहातापेक्षा जरा मोठं एक कासव आलं. मान वाकडी करून, डोळे मिटून ते बरणीच्या तळाशी टेकलं होतं.

माझे हात आपोआप जुळले.

हे समजायला आमच्या घरचं थोडं सांगावं लागेल. आम्ही गोंड. आमच्यात एकेका कुळाचा एकेक प्राणी असतो, त्याला त्या कुळाची माणसं आपलं मानतात. आमच्या कुळाचं कासव. आम्ही ते धरत नाही, खात नाही. वाटेत आडवं आलं तर थांबतो, हात जोडतो आणि ते जाईपर्यंत उभे राहतो. मेलेलं दिसलं तर घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक धरतो. आंघोळ करायची, घरातलं एक मातीचं मडकं बाहेर नेऊन फोडायचं, मग जेवायचं. मी लहान असताना काकाच्या नांगराखाली एक आलं होतं, तेव्हा आमच्या सगळ्या घरांत हे झालेलं मला आठवतं.

"बेटा, ये पूजा का कमरा नहीं है," मॅडम म्हणाल्या. मागे पोरं-पोरी हसली. मॅडमही हसल्या, पण मग त्यांनी खरंच विचारलं, "हाथ क्यों जोड़े?"

मला कोणत्या भाषेत सांगावं ते सुचेना. मी म्हटलं, "ये हमारा है."

"तुम्हारा है? मतलब?"

आता सगळा वर्गच हसला. मी पुढच्या बरणीकडे सरकले. तिच्यात काय होतं ते मला आजही आठवत नाही.

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याला मी एका खोलीत राहायची. खोलीतली मैत्रीण दवनीवाड्याची, पोवार शेतकऱ्याची मुलगी, आईशी फोनवर पोवारीत बोलायची. तिच्याकडे स्कूटी होती, तिच्यामागे बसून मी कॉलेजात जायची. त्या दिवशीही तशीच परत आले. खोलीवर आल्यावर तिने डबा उघडला आणि मला म्हणाली, "जेव ना."

"मला जेवता येते का, तेच कळत नाही," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं.

तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, "ते मेलं कधी?"

"काय माहीत. मॅडम लागायच्या आधीपासून आहे म्हणे."

"मग सुतक संपलं असंल ना आतापर्यंत."

"पण आम्हाला तर आज कळलं."

तिने डबा परत झाकला. मी आंघोळ केली, बाहेरच्या नळावर पुन्हा पाय धुतले, आणि तरी जेवले नाही. संध्याकाळी बाला फोन लावला. बोलणं गोंडीत झालं, पण इथे आमच्या गावच्या मराठीत लिहिते.

"बा, कासव मेलेलं दिसलं."

"कुठी? रस्त्यावर?"

"काचेत. बरणीत ठेवलंय. शिकवायला."

 बा म्हणाला, "बरणीत कायले ठेवलं? पुरलं काऊन नाई?"

"पाहायला लागते म्हणून."

"मंग रोज पाहून राहिले का त्याले?"

"हो."

"म्हणजे तू रोज जाशील अन् रोज सुतक लागंल?" बाच्या आवाजात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता. मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, "तू जेव सध्या. मी विचारतो."

त्याने गावच्या भूमकाला, म्हणजे आमच्या पूजा-विधी करणाऱ्या म्हाताऱ्याला, विचारलं. काचेतल्या कासवाचा प्रसंग त्याच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्याने सांगितलं, आधी कोणीतरी मोठ्या माणसाने जाऊन पाहावं की ते आपलंच आहे का. बाने मला कळवलं, धान कापून झाला की येतो.

मधल्या काळात मी त्या कपाटाकडे पाठ करून बसायची. पण अभ्यासाकडे पाठ करता येईना, कारण वर्गात सरपटणारे प्राणी सुरू झाले. पुस्तकात दोन कासवं होती. एक केलोन, दुसरं टेस्टुडो. इंग्रजीत दोघांना दोन वेगळी नावं. हिंदीत मॅडम दोघांनाही कछुआ म्हणाल्या, आणि माझ्या मराठीत दोन्ही कासवंच. मी धीर करून विचारलं, "मॅडम, बरणीतलं कोणतं?"

बरणीवरच्या चिठ्ठीची शाई उडून गेली होती. मॅडम म्हणाल्या, "जा के देख, और बता मुझे."

मी उठले, कपाटापर्यंत गेले आणि खाली मान घालून परत आले. मॅडमना वाटलं, मला येत नाही. येत नव्हतंच, पण कारण वेगळं होतं. घरच्यांनी पाहायच्या आधी मी त्याला निरखून पाहणं बरोबर की चूक, हेच मला ठरवता येत नव्हतं. घटक परीक्षेत त्या प्रश्नाला मी दोन्ही नावं लिहिली आणि दोन्हीसमोर प्रश्नचिन्ह टाकलं.

मळणी झाल्यावर बा आला. सालेकशाहून लोकलने, पांढरा धुतलेला सदरा घालून, मांडीवर कापडी पिशवी सांभाळत. पिशवीत काय आहे ते त्याने स्टेशनावर सांगितलं नाही. मॅडमना मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, वडिलांना लॅब बघायची आहे. त्यांना ते आवडलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे केली. बा बसला नाही. कपाटाशी गेला, हात जोडले, आणि मग अगदी काचेला नाक लागेल इतकं वाकून पाहिलं.

"मॅडम, ये कहाँ से आया?" त्याने त्याच्या हिंदीत विचारलं.

"मेरे आने के पहले का है, दादा. पहले ये सब कंपनी से मँगाते थे. अब बंद हो गया."

बा माझ्याकडे वळला. "कंपनीले कोणं देलं?"

मी ते मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "वो तो नहीं पता."

"अन् मारलं कोणं?"

हे मी हिंदीत सांगितलं नाही. पण मॅडमना कळलं असावं. त्या टेबलावरचा डस्टर उगाच इकडून तिकडे ठेवू लागल्या.

बा मग म्हणाला, "याचे पाय पाह्य. आपल्या नाल्यातल्याचे असे नसतात."

आता मला पाहणं भाग होतं. मी वाकले. इतके दिवस ज्याच्याकडे पाठ केली ते अगदी जवळून पाहिलं. पायांना बोटं अशी नव्हतीच. चारही पाय चपटे, नावेच्या वल्ह्यासारखे. केलोनचे पाय असेच असतात, हे पुस्तकातलं वाक्य मला जसंच्या तसं आठवलं.

"मॅडम, ये केलोन है," मी म्हटलं.

मॅडम एकदम खूश झाल्या. "देखा! यही तो मैं पूछ रही थी. समुद्र का है ये, दादा, समुद्र का."

बाने समुद्र पाहिलेला नाही. मीही तेव्हा पाहिला नव्हता. तो विचारात पडला. मला वाटलं, सुटलो. समुद्रातलं म्हणजे आपलं नाही, म्हणजे सुतक नाही, म्हणजे मी बिनधास्त बसायचं. पण बा म्हणाला, "आपल्या कुळाच्या पहिल्या माणसाइले पुरातून पाठीवर घेऊन पलीकडं नेलं म्हणतात ना कासवानं, तेवढं पाणी नाल्यातल्या कासवाले झेपंल का? हेच असंल ते. समुद्रातलं."

मग त्याने सरळ मॅडमनाच विचारलं, "समुद्र का हमारे में आता है क्या?"

मी मॅडमना कुळाची गोष्ट पहिल्यांदा तेव्हा सांगितली. अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, चुकत चुकत. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "दादा, ये मेरी किताब में नहीं है."

बा बाकीच्या बरण्यांसमोरून फिरला. सापासमोर थांबला, वटवाघळासमोर थांबला. "अन् हे कोणाकोणाचे हायेत?" त्याने विचारलं.

"सब कॉलेज के हैं," मॅडम म्हणाल्या.

त्याला ते विचारायचं नव्हतं. कोणता प्राणी कोणत्या कुळाचा, हे तो विचारत होता.

कुडव्याला खोलीवर आल्यावर त्याने पिशवी उघडली. आत घरचं मडकं होतं, माय पाणी ठेवते ते. "विकतचं चालत नाई," तो म्हणाला, "म्हणून मांडीवर आणलं."

"पण ठरलं का आपलं की नाही ते?"

"नाई ठरलं. आपलं असंल तर सुतक राहून जायचं. नसंल तर एक मडकं गेलं."

आम्ही दोघांनी नळावर आंघोळ केली. खोलीसमोर रस्त्यापलीकडे एक मोकळा प्लॉट होता, तिथे जाऊन बाने मडकं फोडलं. आवाज मोठा झाला. घरमालकीण आंटी धावत बाहेर आल्या. समोरच्या प्लॉटवर खापऱ्या, एक अनोळखी माणूस ओल्या अंगाने उभा आणि शेजारी ओले केस सोडलेली मी.

"ये क्या टोना-टोटका चल रहा है मेरे घर के सामने?"

माझी मैत्रीण हुशार. ती चटकन म्हणाली, "नहीं आंटी, मटका हाथ से गिर गया."

"नाई," बा म्हणाला. "गिरा नहीं. फोडा."

मैत्रिणीने कपाळाला हात लावला. आंटी कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "क्यों फोड़ा?"

"हमारे में कोई मर गया," बा म्हणाला.

आंटींचा चेहरा बदलला. हात कमरेवरून खाली आले. "अरे! कौन? घर में कोई?"

"कासव. कछुआ."

आंटी आधी बाच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. आम्ही चेष्टा करतोय का, हे त्या शोधत होत्या. चेष्टा नाही हे कळल्यावर त्यांना काय करावं ते सुचेना. आत गेल्या. मैत्रीण मला म्हणाली, "आता खोली सोडावी लागते पाह्य." मी सामान कुठून कुठून गोळा करावं लागेल याचा मनात विचार सुरू केला. थोड्या वेळाने आंटी परत आल्या त्या हातात झाकलेली भांडी घेऊन. वरण, भात आणि आलूची भाजी. "जिसके घर में होता है, उसके यहाँ चूल्हा नहीं जलाते," त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या. "और वो टुकड़े उठवा लो. किसी के पैर में लगेंगे."

फोडलेल्या मडक्याच्या खापऱ्या आम्ही उचलायच्या की नाही, हेही बाला नक्की माहीत नव्हतं. गावात त्या पडूनच राहतात. शेवटी मैत्रिणीने झाडू घेतला आणि म्हणाली, "माझं तर कोणी मेलं नाही ना? मीच उचलते."

बा जेवून संध्याकाळच्या गाडीने गेला. त्याला हलकं वाटलं असावं. मला वाटलं नाही. मडकं फोडलं ते त्या बरणीतल्यासाठी, की आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीसाठी, हे मला समजलं नव्हतं.

माघात आम्ही कचारगडच्या जत्रेला गेलो. तिथे गुहेपाशी दूरदूरचे गोंड येतात. बाने आमच्याच कुळाच्या लोकांना गाठून विचारायला सुरुवात केली. मध्य प्रदेशातला एक म्हातारा म्हणाला, पाण्यातलं सगळं कासव एकच. दुसरा म्हणाला, जे आपल्या मातीत अंडी घालत नाही ते आपलं कसं? छत्तीसगडची एक शिक्षिका होती, तिने मोबाईलवर समुद्रातल्या कासवाचा व्हिडिओ लावून दाखवला. निळ्या पाण्यात एक प्रचंड कासव वल्ही मारत निघालं होतं. बाने तो पुन्हा पुन्हा लावायला लावला. "एवढं मोठं!" तो म्हणत राहिला. प्रश्न काय होता ते सगळेच विसरले. परतताना गाडीत मी त्याला म्हटलं, "मग काय ठरलं?" तो म्हणाला, "पाहिलं का कसं पोहून राहिलं होतं?"

जत्रेनंतर लगेच वार्षिक प्रॅक्टिकल आलं. स्पॉटिंग नावाचा भाग असतो. टेबलांवर बरण्या मांडून ठेवतात, घंटी वाजली की पुढच्या बरणीसमोर जायचं, प्राण्याचं नाव, वर्ग आणि ओळखीची खूण लिहायची. मी बाकीचं जेमतेम केलं होतं. कासव मात्र माझ्याएवढं त्या वर्गात कोणाला येत नव्हतं. ते दिसलं तर मनात नमस्कार करायचा आणि मग लिहायचं, हेसुद्धा मी ठरवून ठेवलं होतं.

कासव कुठेच नव्हतं. टेबलावर साप होता, मासा होता, कबुतर होतं. मी शेवटच्या बरणीपर्यंत वाट पाहिली. कपाटाकडे पाहिलं तर तिथेही जागा रिकामी.

पेपर दिल्यावर मी विचारलं, "मॅडम, वो कछुआ?"

"हटा दिया बेटा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तेरे पापा ने जो पूछा था ना, किसने मारा, उसके बाद मुझसे उसके सामने पढ़ाया नहीं गया. स्टोर में रख दिया है, कपड़े में लपेट के."

मी थँक्यू म्हटलं. जिना उतरून स्कूटीपाशी आले आणि रडू लागले. मैत्रीण घाबरली. "मार्क गेले का?" मी म्हटलं, "नाही." "मग? चांगलंच केलं ना मॅडमनी?" मी म्हटलं, "हो, चांगलंच केलं." आणि आणखी रडले. मला राग आला होता आणि तो कोणाचा ते सापडत नव्हतं. मॅडमनी माझ्या लोकांचा मान राखला होता. पण मोडक्या स्टुलांमध्ये, अंधारात, फडक्यात गुंडाळून ठेवणं हा मान होता का? कपाटात निदान त्याच्याकडे कोणी बघत तरी होतं. मला ते तिथे नको होतं आणि तिथून काढलेलंही नको होतं.

काही दिवसांनी मी मॅडमकडे गेले. "मॅडम, वापस रख दो."

"पक्का?"

"नहीं."

मॅडम हसल्या नाहीत. "तो फिर?"

"फिर भी रख दो. नया बच्चा आएगा तो उसको बताना कि किसी का है."

आम्ही दोघींनी स्टोअरमधून बरणी आणली. मॅडमनी काच पुसली. मी पहिल्यांदा ती बरणी हातात धरली होती, ती मला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. मॅडमनी नवी चिठ्ठी कापली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी केलोन लिहिलं. "नीचे अपनी भाषा में भी लिख," त्या म्हणाल्या. मी पेन टेकवलं आणि थांबले. आमच्या नाल्यातल्या कासवाचं नाव मला येत होतं. समुद्रातल्यालाही तेच म्हणायचं का, हे कोणी सांगितलं नव्हतं. मी ती ओळ कोरीच ठेवली.

पुढे माणसांच्या डॉक्टरीला माझा नंबर लागला नाही. दुसऱ्यांदा परीक्षा दिली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरीला लागला. आता मी घरापासून लांब, होस्टेलवर राहून ते शिकते आहे. इथे गायीचं, बकरीचं, कुत्र्याचं हाड न् हाड हातात घेऊन पाठ करावं लागतं. नवीन काही समोर आलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "सर, हे कुठून आलं?" सर कधी सांगतात, कधी चिडतात. म्हणतात, आधी नाव पाठ कर. मी नाव पाठ करते.

बा फोनवर दर वेळी विचारतो, आज काय पाहिलं. मी सांगते. मध्ये त्याने सांगितलं, गावात बैठक झाली आणि ठरलं की काचेतल्याचं सुतक धरायचं नाही. नंतर कोणीतरी म्हणालं, निदान आंघोळ तरी करावी, तर ते पुन्हा बदललं. सध्या काय ठरलंय ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं आहे.